वस्तीच्या महोत्सवात ट्रॉफी कशाला?

समारोपाला सभागृह गच्च भरलं होतं. मागे उभं राहायलाही जागा नव्हती. सर्वोत्कृष्ट लघुपटाचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या, दिग्दर्शक मुलगी जवळपास धावतच व्यासपीठावर गेली. शेजारच्या गृहस्थांना मी विचारलं, "तुम्ही पाहिलात का हा?" ते म्हणाले, "नाही हो, माझा पुतण्या कॅमेऱ्याच्या बक्षिसाला आहे, त्याच्यासाठी आलोय." तोच लघुपट आदल्या दिवशी दुपारी दाखवला, तेव्हा मी तिथे होतो. आम्ही अकरा जण होतो. त्यातले दोघे आयोजक, एक प्रोजेक्टरपाशी बसलेला मुलगा आणि एक आजोबा, जे बहुधा पंख्याखाली निवांत बसायला आले होते. पण शेवटपर्यंत बसले, हेही सांगायला हवं.

अशाच एका महोत्सवाच्या निवड समितीवर मी काही वर्षं होतो. तेव्हा पुढे जी तक्रार करणार आहे, तिच्यातला थोडा वाटा माझाही आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. वस्तीत भरणाऱ्या, स्वतंत्र आणि आपल्या भाषेतल्या सिनेमांसाठी म्हणून भरणाऱ्या छोट्या महोत्सवांनी स्पर्धा बंद करावी. ट्रॉफी, परीक्षक मंडळ, प्रवेशिकेचं शुल्क, सगळं. जे सिनेमे दाखवायचे, ते करणाऱ्यांना पैसे द्यावेत. आणि उरलेला जीव सिनेमा नीट दिसावा, नीट ऐकू यावा आणि त्यावर माणसं बोलावीत यासाठी खर्च करावा.

हे ऐकलं की आयोजक मित्र हसतात. "बक्षीस नसेल तर प्रवेशिका कोण पाठवणार?" खरं तर या प्रश्नातच रोगाचं निदान आहे. महोत्सव प्रवेशिका मिळवण्यासाठी भरवायचा की प्रेक्षक मिळवण्यासाठी? छोट्या महोत्सवाचा हिशेब कसा चालतो ते पाहा. सिनेमा पाठवणारा प्रत्येक जण शुल्क भरतो. निवडला जातो त्यातला एखादाच. म्हणजे ज्यांचे सिनेमे आपण दाखवणारच नाही, त्यांच्या पैशांवर आपला मंडप उभा राहतो. प्रवेशिका जितक्या जास्त तितका गल्ला मोठा, म्हणून पारितोषिकांचे विभाग वाढत जातात: सर्वोत्कृष्ट लघुपट, सर्वोत्कृष्ट पहिला लघुपट, सर्वोत्कृष्ट मोबाइलवर चित्रित केलेला लघुपट. शेवटी पोस्टरवर पुरस्काराच्या नावाभोवती मिरवायच्या त्या पानांच्या दोन डहाळ्यांच्या कमानीचाच व्यापार सुरू होतो. ऑनलाइन प्रवेशिका घेणारी संकेतस्थळं आल्यापासून तर असेही महोत्सव निघालेत, ज्यांत पडदाच नाही. शुल्क घ्यायचं, महिन्याला विजेते जाहीर करायचे, संपलं. वस्तीतला महोत्सव इतका खाली गेलेला नसतो, पण त्याच उतारावर उभा असतो.

ज्याने कर्ज काढून, मित्रांना राबवून, वर्षभर खपून सिनेमा केला, तोच या सगळ्या व्यवहारात एकटा पैसे देणारा ठरतो. सभागृहाचं भाडं मिळतं, मांडववाल्याचे पैसे चुकते होतात, ट्रॉफी बनवणाऱ्याचंही बिल निघतं. सिनेमावाल्याला मात्र 'व्यासपीठ' मिळतं. गवयाला मैफलीला बोलावून उलट त्याच्याकडूनच तिकिटाचे पैसे घेतले तर आपण काय म्हणू?

कुणी म्हणेल, महोत्सव म्हटला की स्पर्धा आलीच. तशी ती काही आकाशातून पडलेली नाही. इटलीत व्हेनिसला १९३२ साली चित्रपट महोत्सव पहिल्यांदा भरला, तो लिडो बेटावरच्या एका हॉटेलच्या गच्चीत. त्या वर्षी परीक्षक मंडळच नव्हतं. आवडीनिवडीचा कौल प्रेक्षकांकडून घेतला होता. स्पर्धा सुरू झाली पुढच्या खेपेला, १९३४मध्ये, आणि चषकाला नाव होतं तिथला हुकूमशहा मुसोलिनी याचं. चार वर्षांनी, १९३८ साली, परदेशी सिनेमासाठीचा मुसोलिनी चषक बर्लिन ऑलिंपिकवरच्या नाझी जर्मनीच्या माहितीपटाला गेला. इतर देशांचे प्रतिनिधी संतापले, आणि फ्रान्सने स्वतःचा महोत्सव काढायचं ठरवलं. कान या फ्रेंच शहरातला तो पहिला महोत्सव १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू व्हायचा होता. त्याच दिवशी हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये शिरलं, आणि कानला मुहूर्त लागला तो थेट १९४६मध्ये. चषक ज्याच्या हाती, निकाल त्याच्या सोयीचा, हा धडा महोत्सवांच्या पहिल्या दहा वर्षांतच मिळाला होता. वस्तीतल्या महोत्सवात मुसोलिनी नसतो, पण चषकाचा खर्च उचलणारा कुणीतरी असतोच, आणि त्याचा भाचा किंवा पुतणीही सिनेमा करत असते.

पुढे व्हेनिसनेच १९६९ ते १९७९ या काळात सुवर्णसिंह हा आपला सर्वोच्च पुरस्कार दिला नाही. बक्षिसं राहू द्या, सिनेमे दाखवा, अशी ती हवा होती. न्यूयॉर्कचा महोत्सव १९६३ साली सुरू झाला. तिथे स्पर्धा नाही. निवड झाली हाच सन्मान. टोरांटोचा महोत्सव १९७६चा. त्याचा नावाजलेला पुरस्कार १९७८पासून प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो. ज्यांच्याकडे जगभरचे परीक्षक गोळा करण्याची ऐपत आहे, त्यांनी परीक्षकांवाचून काम चालवलं, आणि ज्यांच्याकडे परीक्षकांच्या प्रवासखर्चाची पंचाईत, ते मात्र सात विभागांत पारितोषिकं वाटतात. छोट्या जागेत तर परीक्षकाची अवस्था आणखीच अवघड. ज्याला तो नाकारणार, तो उद्या जिन्यात भेटणार असतो. मग आपला तो बाब्या, किंवा अति सावधपणे नेमका बाब्यालाच डावलायचं. दोन्हींत सिनेमाचा विचार नाही.

छोट्या महोत्सवाचे खरे पूर्वज महोत्सवांत शोधूच नयेत. ते सापडतात फिल्म सोसायट्यांत. लंडनची फिल्म सोसायटी १९२५ साली निघाली. परवानगी न मिळालेले, बाजारात न चालणारे, परक्या भाषांतले सिनेमे सभासदांना दाखवायचे, एवढंच काम. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' तिथल्या सेन्सॉरने अडवला होता. तो १९२९मध्ये लंडनकरांनी पाहिला तो याच सोसायटीच्या पडद्यावर. तोच सिनेमा १९४७ साली कलकत्त्यात नव्याने निघालेल्या फिल्म सोसायटीने दाखवला. ती काढणाऱ्यांत जाहिरात कंपनीत चित्रं काढणारा एक तरुण होता, सत्यजित राय. आठ वर्षांनी त्याने 'पथेर पांचाली'ने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये एमस आणि मार्शा व्होगेल या जोडप्याने 'सिनेमा १६' नावाची सोसायटी काढली. भरभराटीच्या काळात तिचे सुमारे सात हजार सभासद होते. एकाच संध्याकाळी एखादा वैज्ञानिक माहितीपट, एखादा अगम्य प्रायोगिक लघुपट आणि एखादी जुनी मूक फिल्म, असा कार्यक्रम. लोक कुरकुरत आणि पुन्हा येत. न्यूयॉर्क महोत्सव उभा करणाऱ्या दोघांपैकी एक हाच व्होगेल. स्पर्धा नसलेला महोत्सव तिथे का रुजला असावा, याचा अंदाज त्यावरून येतो.

या सगळ्यांनी प्रेक्षक घडवला तो वर्षभर, संध्याकाळमागून संध्याकाळ. आपले तीन दिवसांचे महोत्सव गर्दी जमवतात आणि मग ३६२ दिवस झोपतात. माझं चाललं तर मी म्हणेन, तीन दिवसांत चाळीस सिनेमे कोंबण्यापेक्षा महिन्याला एक संध्याकाळ धरा आणि वर्षाच्या शेवटी दोन दिवसांचा मेळा करा. तेव्हा येणारा माणूस पाहुणा नसेल. त्याची खुर्ची ठरलेली असेल.

आता थोडं 'प्रादेशिक' या शब्दाबद्दल. महोत्सवाच्या पत्रकावर हा शब्द अभिमानाने छापलेला असतो, पण मला तो टोचतो. प्रदेश कुणाचा? कुठून पाहिल्यावर? मराठी माणसाला मराठी सिनेमा प्रादेशिक कसा? तो त्याच्यासाठी नुसता सिनेमा आहे. प्रादेशिक तो दूर बसून नकाशा पाहणाऱ्यासाठी. कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांना २०१९मध्ये ऑस्करबद्दल छेडलं तेव्हा त्यांनी सहज सांगून टाकलं होतं की तो काही आंतरराष्ट्रीय महोत्सव नव्हे, अगदी स्थानिक मामला आहे. काही महिन्यांनी त्याच स्थानिक मामल्यात त्यांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार नेला, ही त्यातली गंमत. केंद्र हे सवयीने ठरतं. वस्तीतल्या महोत्सवाने निदान आपल्या पडद्यापुरती ही सवय मोडावी. पण बहुतेकदा उलटंच घडतं. मोठ्या शहरातून, मोठ्या नावाचा पाहुणा आणून त्याच्या हस्ते 'प्रादेशिक प्रतिभेचा' गौरव केला जातो, म्हणजे आपलं मोठेपण आपण दुसऱ्याकडून तपासून घेतो.

पश्चिम आफ्रिकेतलं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. १९६९ साली अप्पर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो, या देशाच्या राजधानीत वागाडुगुत आफ्रिकी सिनेमाचा सप्ताह भरला. आफ्रिकी दिग्दर्शक सिनेमे करू लागले होते, युरोपात ते दाखवलेही जात होते. पण आफ्रिकेतल्या चित्रपटगृहांचा धंदा परदेशी कंपन्यांच्या मुठीत, त्यामुळे आफ्रिकी माणसालाच ते पाहायला मिळत नव्हते. या एका वैतागातून 'फेस्पाको' हा आज खंडातला सगळ्यात मानाचा महोत्सव उभा राहिला. पुढच्याच वर्षी त्या देशाने चित्रपटगृहांचं राष्ट्रीयीकरण केलं. आता प्रामाणिकपणे हेही सांगतो की १९७२पासून फेस्पाकोनेही स्पर्धा सुरू केली, आणि तिथला घोड्यावरच्या राजकन्येचा पुरस्कार साऱ्या खंडाचा अभिमान झाला. तेव्हा पारितोषिक नेहमीच वाईट, असं मी म्हणत नाही. एका खंडाला आपला मानदंड स्वतः ठरवायचा असेल, तर पुरस्काराला अर्थ आहे. चार गल्ल्यांच्या महोत्सवाला कसला मानदंड ठरवायचा आहे?

चार गल्ल्यांसाठी माझ्या मनात दुसरं चित्र आहे. केरळात १९८४ साली जॉन अब्राहम या दिग्दर्शकाने मित्रांसोबत ओडेसा कलेक्टिव्ह नावाचा गट काढला. गावोगाव १६ मिमीचा प्रोजेक्टर न्यायचा, चॅप्लिनचा मूकपट दाखवायचा, जमलेल्यांपुढे झोळी फिरवायची, आणि त्या पैशांतून सिनेमा करायचा. 'अम्मा अरियान' हा १९८६चा सिनेमा असा झाला, आणि तयार झाल्यावर तो पुन्हा लोकांतच फिरला. यात पैशांची दिशा पाहा. पाहणाऱ्यांकडून करणाऱ्याकडे. आपल्या महोत्सवांत ती नेमकी उलटी आहे.

म्हणून मानधनाचा आग्रह. रक्कम किती, हा मुद्दा दुय्यम. लघुपटाला थोडे, पूर्ण लांबीच्या सिनेमाला जास्त, पण पाकीट प्रत्येकाला, आणि एका प्रकारातल्या सगळ्यांना सारखं. ते दिलं की आपोआप दोन गोष्टी घडतात. एक तर आयोजकाला चाळीस सिनेमे परवडत नाहीत, बाराच परवडतात. मग प्रत्येक निवड विचारपूर्वक होते. दुसरं, ज्याला पैसे मोजून बोलावलं त्याचा खेळ दुपारी दोनच्या रिकाम्या सभागृहात ढकलायला जीव धजत नाही. प्रदर्शनाचा हक्क ही गोष्टही इथेच येते. घरच्या वापरासाठी घेतलेल्या सबस्क्रिप्शनवरून सिनेमा चालवून दाखवणं म्हणजे महोत्सव नव्हे, हे कित्येक उत्साही मंडळींना सांगावं लागतं. मालकाला विचारायचं, हक्काची रक्कम भरायची. स्वतंत्र दिग्दर्शक बहुतेकदा एका निरोपावर हो म्हणतात, आणि इतक्या चटकन म्हणतात की त्यांना पैसे देण्याची सवय आपल्याला लागतच नाही.

आता ज्याला कुणी महत्त्व देत नाही त्याबद्दल थोडं जास्त लिहितो: आवाज. चित्र थोडं फिकं असलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो. संवाद कळला नाही की तो पाचव्या मिनिटाला मोबाइल काढतो. सभागृहं भाषणांसाठी आणि समारंभांसाठी बांधलेली असतात: गुळगुळीत भिंती, फरशी, उंच छत. आवाज त्यांच्यावर आपटून घुमतो आणि व्यंजनं एकमेकांत मिसळतात. आपण आवाज वाढवतो, घुमणं आणखी वाढतं. त्याला उपाय आहे तो भिंतींना जाड पडदे, जमिनीवर सतरंज्या आणि स्पीकर प्रेक्षकांच्या जवळ. रिकाम्या सभागृहात केलेली चाचणीही फसवी असते, कारण माणसं आवाज शोषतात. भरल्यावर तो बदलतो. स्वतंत्र सिनेमात तर बोलीभाषा असते, पुटपुटणं असतं, पावसाचा नुसता आवाज असतो. ते ऐकू आलं नाही तर सिनेमा दाखवलाच नाही. तसंच पडद्याचं. सपाट जमिनीवर खुर्च्या मांडल्या की बसलेल्या माणसाचं डोकं साधारण चार फुटांवर येतं, आणि पडद्याची खालची कड त्याहून खाली असेल तर सबटायटल्स फक्त पहिल्या रांगेसाठी उरतात. ट्रॉफीच्या पैशांत पडदा दोन फूट वर नेणारी चौकट नक्की होते.

सबटायटल्सवरून आठवलं. वस्तीत सगळ्यांनाच भराभर वाचता येत नाही. लहान मुलं असतात, चष्मा घरी विसरलेल्या आजी असतात, कधी शाळेचं तोंडही न पाहिलेली माणसं असतात. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बसून गोष्ट सांगणारे, सगळ्या पात्रांचे आवाज काढणारे निवेदक असत, बेन्शी. लोक नटांइतकेच त्यांच्या नावावर तिकिटं काढत. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचे थोरले भाऊ बेन्शी होते, आणि धाकट्याला सिनेमाची गोडी लावण्यात त्यांचा मोठा हात. युगांडातल्या व्हिडिओगृहांत आजही परक्या भाषेतल्या सिनेमावर स्थानिक भाषेत धावतं निवेदन करणारे आहेत. आपण परभाषेतला सिनेमा दाखवताना वस्तीतल्याच चांगलं वाचणाऱ्या दोघा-तिघांना संवाद मराठीत वाचायला का बसवू नये? सिनेमाचा शुद्धपणा भंगतो, असं शुद्धतावादी म्हणतील. भंगू दे थोडा. एखादी बाई पहिल्यांदाच इराणी सिनेमा शेवटपर्यंत पाहून बाहेर पडत असेल तर मला तो सौदा मान्य आहे.

आणि वस्तीचा महोत्सव म्हणजे वस्तीचेच सिनेमे, असं समीकरण मात्र करू नये. नाहीतर हौशे-नवशे-गवशे मिळून एकमेकांची पाठ थोपटण्याचा तो वार्षिक सोहळा होतो. निम्मे सिनेमे दूरचे हवेत, अनोळखी भाषेतले हवेत. पण जे जवळचे असतील, त्यांच्या बाबतीत एक खरी अडचण आहे, आणि स्पर्धेच्या गोंगाटात ती कुणी बोलतच नाही. इथे पडद्यावरचा माणूस प्रेक्षकांत बसलेला असतो. एका तरुणाने आपल्याच गल्लीतल्या दारूवर माहितीपट केला होता. काम चोख होतं. त्यात एका घराचं दार दोनदा दिसत होतं, माणूस कुठेच नाही. त्या घरातली मुलगी प्रेक्षकांत होती, ती मध्येच उठून गेली. मोठ्या महोत्सवात हा लघुपट 'धाडसी' ठरला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं. आम्ही त्याचं काय करायला हवं होतं? न दाखवणं हा भित्रेपणा झाला असता. दाखवण्याआधी त्या घरी जाऊन बोलायला हवं होतं, हे आम्हाला नंतर सुचलं, आणि मला वाटतं मोठ्या महोत्सवाला कधीच पेलणार नाही असं काम हेच. जवळून पाहिल्याची जबाबदारी. त्या तरुणाला आम्ही 'विशेष उल्लेखनीय'चं प्रमाणपत्र दिलं आणि विषय मिटवला. प्रमाणपत्राचा असाही उपयोग होतो.

सिनेमानंतरची चर्चा ही खरं तर या प्रश्नांची जागा. पण स्पर्धा असली की चर्चा होत नाही. दिग्दर्शक परीक्षकांकडे डोळे लावून बसतो, प्रेक्षक 'फार छान, संदेश आवडला' म्हणून माइक पुढे देतो. मी एकदा एका आजींना बोलताना ऐकलं: "पोरा, तुझी नायिका दिवसभर खिडकीत उभी आहे. घरातलं काम कोण करतं?" सभागृह हसलं. दिग्दर्शक हसला नाही. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. परीक्षकांच्या अहवालात ही ओळ आली नसती.

प्रायोजकांचा प्रश्न राहतोच. पारितोषिकाला नाव देता येतं, म्हणून प्रायोजक मिळतो. सतरंजीला कोण नाव देणार? मान्य, हे कठीण आहे, आणि पहिली दोन वर्षं हात आखडता राहील. वर्तमानपत्रात विजेत्यांचा फोटो येतो तसा चर्चेचा येणार नाही. नव्या दिग्दर्शकाला बायोडेटात लिहायला पुरस्कार लागतो, हेही खोटं नाही. अनुदानाचे अर्ज वाचणारे तेच पाहतात. पण अशा पुरस्कारांची इतकी आवक झाली आहे की ते अर्ज वाचणारेही आता त्या ओळीवरून नजर पुढे नेतात. 'दीडशे जणांनी पाहिला, तासभर बोलले, मानधन मिळालं' ही ओळ मी अर्ज वाचणारा असतो तर थांबून वाचली असती.

त्या समारोपानंतर ट्रॉफी पोटाशी धरून ती मुलगी दाराशी उभी होती. मी अभिनंदन केलं. तिने विचारलं, "सर, इतके लोक आलेत, तर आता एकदा लावता येईल का? अठराच मिनिटांचा आहे." मी आयोजकांकडे गेलो. पाहुण्यांच्या भाषणांत पन्नास मिनिटं गेली होती, सभागृहाची वेळ संपत आली होती, आणि प्रोजेक्टर तर मघाशीच परत गेला होता.